निरीक्षकाच्या गैरहजेरीत

१७४१ च्या निवडणुकीत लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिशने डर्बीशायरची आपली जागा पुतण्याला देऊन टाकली. घटना एवढीच. पराभव झाला नव्हता, कुठली बदनामी अंगावर आली नव्हती. वय अवघं ३७. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात सलग १६ वर्षं काढलेली, तीन वेगवेगळ्या मतदारसंघांतून निवडून आलेला. वडील डेव्हनशायरचे दुसरे ड्यूक, त्यांच्यामागे थोरला भाऊ तिसरा ड्यूक. पंतप्रधान वॉलपोलचं सरकार घराण्याच्या मर्जीतलं आणि घराणं सरकारच्या. अशा माणसाने मनात आणलं असतं तर तो त्या बाकावर म्हातारा झाला असता. तो उठला, नुकत्याच एकविशीत आलेल्या पुतण्याला जागा मोकळी करून दिली आणि पुढची ४२ वर्षं जगूनही सभासद म्हणून परत कधी आला नाही. काका-पुतण्यांच्या राजकारणात मुरलेल्या मराठी वाचकाला तर याचं अधिकच नवल वाटेल. हा पुतण्या पुढे चौथा ड्यूक झाला आणि १७५६ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधानही. इतिहासात त्याच्या नावावर निदान एक प्रकरण आहे. काकाच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एक ओळ येते, आणि तीही मुलामुळे: हेन्री कॅव्हेंडिशचे वडील. हायड्रोजन ओळखणारा, पृथ्वीची घनता मोजणारा तो हेन्री.

ती जागा सोडणं मला बरेच दिवस खटकत होतं. राजकारणाचा कंटाळा आला आणि गडी विज्ञानाकडे वळला, असं सोपं उत्तर सहसा दिलं जातं. त्याच्या आयुष्याचे तपशील जुळवत गेलं की मात्र हे उत्तर टिकत नाही. त्याने सोडलं ते सभागृह. सभागृहात शिकलेलं काम त्याने मरेपर्यंत सोडलं नाही.

आधी त्याच्या ‘लॉर्ड’पणाबद्दल. ड्यूकच्या धाकट्या मुलाच्या नावामागे लागणारं ‘लॉर्ड’ हे नुसतं मानाचं असतं. त्याला वरिष्ठ सभागृहात जागा मिळत नाही, इस्टेट मिळत नाही, गादी थोरल्याची. म्हणून लॉर्ड म्हणवणारा माणूस कॉमन्समध्ये बसू शकतो. तिथे बसण्यासाठीही अट होती. परगण्याचा प्रतिनिधी व्हायचं तर वर्षाला ६०० पौंडांचं जमिनीचं उत्पन्न हवं, शहराचा व्हायचं तर ३००. सरदारांच्या थोरल्या मुलांना यातून सूट होती, धाकट्यांना नव्हती. म्हणजे चार्ल्ससारख्या तिसऱ्या मुलाला घराण्याने आधी जमीन नावावर करून द्यायची आणि मग मतदारसंघ. १७२५ मध्ये २१ वर्षांचा असताना तो पहिल्यांदा निवडून आला तो विल्टशरमधल्या हेट्सबरीतून. तिथे मताचा हक्क माणसाला नव्हता, ठरावीक घरांना होता. घरं ज्याच्या ताब्यात, खासदार त्याचा. १७२७ मध्ये वेस्टमिन्स्टर, देशातल्या सर्वांत मोठ्या शहरी मतदारसंघांपैकी एक, जिथे स्थानिक कर भरणारा साधा दुकानदारही मतदार होता. १७३४ मध्ये डर्बीशायर, जिथे वर्षाला ४० शिलिंग किमतीची जमीन असलेला प्रत्येक शेतकरी मत द्यायला घोड्यावरून येई. खिशातलं खेडं, गजबजलेलं शहर, घराण्याचा परगणा. त्या काळच्या इंग्लिश निवडणुकीचे बहुतेक सगळे नमुने या एका मुकाट माणसाने पाहिले. मध्ये १७२८ ते १७३० युवराज फ्रेडरिकच्या शयनगृहातला मानकरीही होता. तेही सोडलं.

मुकाट म्हणतो, त्याला कारण आहे. त्या काळी सभागृहातली भाषणं छापणं हा विशेषाधिकाराचा भंग समजला जाई. १७३८ मध्ये कॉमन्सने तसा ठराव करून वर्तमानपत्रांना दटावलं. सभागृहाच्या अधिकृत इतिवृत्तात भाषण नसेच. कोणता अर्ज आला, कोणती समिती नेमली, तिच्यावर कोण, अहवाल कोणी आणला, एवढंच. त्यामुळे जे गाजत ते वक्ते बाहेरच्या गप्पांतून आणि पत्रांतून गाजत, आणि जे नुसते राबत ते इतिवृत्तातल्या नावांच्या यादीत पडून राहत. चार्ल्स या यादीतला.

ही यादी कंटाळवाणी आहे, पण अठराव्या शतकातलं इंग्लंड चालत होतं ते तिच्यावरच. उदाहरणादाखल रस्ता घ्या. कायद्याने प्रत्येक गावकऱ्याने वर्षातले सहा दिवस गावच्या रस्त्यावर फुकट राबायचं, ही जुनी रीत. पण लंडनकडे जाणाऱ्या गाड्यांची चाकं दुसऱ्याच गावाच्या हद्दीत चर पाडत, आणि त्या गावाने ते आपल्या सहा दिवसांत का बुजवायचे? मग आसपासचे जमीनदार अर्ज करत, की हिवाळ्यात हा रस्ता गाडीला चालत नाही. अर्ज समितीकडे. समिती साक्षीदार बोलावून अर्जातलं म्हणणं खरं आहे का ते पाहणार. खरं ठरलं तर विधेयक. पहिलं वाचन, दुसरं वाचन, पुन्हा समिती, कलमावर कलम, मग अहवाल, तिसरं वाचन, वरिष्ठ सभागृह आणि राजाची संमती. मंजूर झालं की विश्वस्तांना साधारण २१ वर्षांसाठी फाटक उभारून टोल घ्यायची आणि त्या टोलच्या भरवशावर कर्ज काढायची मुभा. बिघडायचं ते इथेच. कर्जाचं व्याजच टोल खाऊन टाकी, रस्ता तसाच राही, आणि मुदत संपत आली की मुदतवाढीचा अर्ज घेऊन तीच मंडळी पुन्हा दारात. (टोलनाक्यावर रांगेत उभं राहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं, दुखणं जुनं आहे.) अशा समितीवर बसणाऱ्याला वक्तृत्व उपयोगाचं नसतं. आकडे तपासता यावे लागतात, साक्षीदार कुठे फुगवून सांगतो ते कळावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ठरल्या वेळी येऊन बसावं लागतं.

चार्ल्स येऊन बसायचा.

१७३३ मध्ये त्याची बायको लेडी ॲन गेली. दोन मुलं: हेन्री दोन वर्षांचा, फ्रेडरिक तान्हा. चार्ल्सने पुन्हा लग्न केलं नाही. १७३८ च्या सुमारास गावाकडची इस्टेट काढून टाकून लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवर घर घेतलं, आणि उरलेलं आयुष्य तिथेच गेलं. तिथून फ्लीट स्ट्रीटजवळचं क्रेन कोर्ट पायी जाण्याच्या अंतरावर. क्रेन कोर्टात रॉयल सोसायटी ही विज्ञानाला वाहिलेली संस्था भरे. तिचा तो १७२७ पासून सभासद होता, पण मुरला तो संसद सोडल्यावर. कार्यकारी मंडळ, हिशेब, उपाध्यक्षपद, ग्रंथालय, उपकरणांची तपासणी. इथेही अर्ज येत, समित्या नेमल्या जात, साक्ष घेतली जाई. साक्षीदार बदलले होते, एवढाच फरक. तिथे गाडीवान आणि जमीनदार साक्ष देत, इथे पारा आणि काच.

दोन्ही जगं एकमेकांत कशी शिरली होती हे वेस्टमिन्स्टरच्या पुलावर दिसतं. त्या भागात थेम्सवर पूल नव्हता. घोडागाडी पलीकडे न्यायची तर लॅम्बेथच्या तराफ्यावर चढवायची. १७३६ मध्ये संसदेने पुलाचा कायदा केला, पैसा लॉटरीतून उभा करायचं ठरलं, आणि देखरेखीला मोठं आयुक्त मंडळ नेमलं. त्यात चार्ल्स होता. नावाड्यांचा विरोध, तराफ्याचं उत्पन्न जाणार म्हणून कँटरबरीच्या आर्चबिशपला भरपाई, हे सगळं समितीने निस्तरायचं. खरं कठीण काम पाण्याखाली होतं. स्विस अभियंता लाबेलीने प्रचंड लाकडी पेट्या बांधून घेतल्या. पेटीत खांबाचं दगडकाम सुरू करायचं, पेटी नदीच्या तळाशी बसवायची, बाजूच्या फळ्या काढून घ्यायच्या आणि लाकडी तळ खांबाखाली तसाच ठेवायचा. काम झपाट्याने होतं, पण तळ वाळू-खडीवर नुसता टेकलेला. खाली खोल ठोकलेले खुंटे नाहीत. जवळपास कोणी खडी उपसली किंवा प्रवाहाने ती पोखरली की खांब खचणारच. १७४७ मध्ये एक खांब खचला. त्याच्यावरच्या कमानी उतरवाव्या लागल्या, खांब आणखी बसायचा तेवढा बसू दे म्हणून वर वजन रचावं लागलं, आणि पूल वाहतुकीला खुला झाला तो १७५० च्या नोव्हेंबरात.

त्याच १७४७ च्या जुलैमध्ये, त्याच अर्धवट पुलावरून, विजेवर प्रयोग करणाऱ्या विल्यम वॉटसनने तार टाकली. वीज नदीपार जाते का, हे बघायचं होतं. वीज साठवणारी लेडन बरणी एका काठावर. तारेचं एक टोक बरणीला, दुसरं पलीकडच्या काठावरच्या माणसाच्या हातात. त्या माणसाच्या दुसऱ्या हातात लोखंडी सळई, तिचं टोक नदीच्या पाण्यात. अलीकडच्या माणसाने पाण्याशी संबंध जोडून बरणी स्पर्शाने मोकळी केली की वर्तुळ पुरं: तार, माणूस, ४०० यार्ड थेम्स, दुसरा माणूस. पलीकडच्याला झटका बसला. हजर असलेल्यांच्या यादीत सोसायटीचे अध्यक्ष आहेत, घड्याळजी ग्रॅहॅम आहे, आणि लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश आहे. पूल ज्याच्या देखरेखीखाली, प्रयोगही त्याच्याच साक्षीने. १७४३ मध्ये सरकारी खजिन्यातल्या जुन्या प्रमाण यार्डाशी (लांबीच्या मापाशी) सोसायटीचा नवा यार्ड ताडून पाहिला तेव्हाही हजर असलेल्यांत तो होता. १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमची स्थापना झाली तेव्हा विश्वस्तांत तो. अनाथ बालकांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या कारभाऱ्यांत तो. कुठेही पहिलं नाव त्याचं नाही.

एकदाच मात्र आहे. १७५७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ‘काही विशेष उपयोगांचे तापमापी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्याचा लेख आला. उभ्या आयुष्यात स्वतःच्या नावावर छापलेला एकुलता एक. प्रश्न साधा होता. तापमापी बघणारा माणूस समोर असेल तरच तापमान कळतं. पहाटे तीनला थंडी किती पडली, भर दुपारी आपण बाहेर असताना ऊन किती चढलं, समुद्राच्या तळाशी गारवा किती, तिथे बघायला कोण असणार?

त्याचा कमाल तापमापी असा. काचेची नळी, खाली लांबट दंडगोल. दंडगोलात आणि नळीच्या खालच्या भागात पारा; पाऱ्याच्या वर, थेट टोकापर्यंत, मद्यार्क. नळीचं वरचं टोक तापवून, ताणून केसासारखं बारीक केलेलं, आणि ते एका छोट्या पोकळ गोळ्यात उघडतं. गोळ्यात थोडा मद्यार्क आधीच ठेवलेला, पण त्या बारीक टोकापर्यंत न पोचेल एवढाच. ऊन वाढलं की पारा चढतो, मद्यार्काला वर रेटतो, आणि जादा झालेला मद्यार्क गोळ्यात सांडतो. ऊन उतरलं की पारा खाली येतो, त्याच्यामागून मद्यार्क, पण सांडलेला काही परत येत नाही. नळीच्या टोकाशी तेवढी जागा रिकामी राहते. आता दोन मोजपट्ट्या वाचायच्या. पाऱ्याचा माथा सांगतो आत्ताचं तापमान, रिकामी जागा सांगते कमाल गाठल्यापासून ते किती उतरलं. पारा ६० अंश फॅरनहाइटवर आणि वरची रिकामी जागा १५ अंशांची असेल, तर मधल्या काळात पारा ७५ ला जाऊन आला. पुन्हा वापरायचं तर नळी आडवी कलवायची, म्हणजे गोळ्यातल्या मद्यार्कात बारीक टोक बुडेल. मग दंडगोलाला हाताची ऊब द्यायची किंवा खाली जरा अंतरावर मेणबत्ती धरायची. नळीतला मद्यार्क टोकाला येऊन गोळ्यातल्याला मिळाला की सावकाश गार होऊ द्यायचं. उतरताना नळी स्वतःच गोळ्यातून मद्यार्क ओढून घेते आणि गच्च भरते.

दोन द्रव कशाला, असं वाटेल. नुसता पारा ठेवला तर तो काचेला चिकटत नाही. टोकाशी मणी धरून थांबतो आणि मग एकदम मोठा थेंब टाकतो, म्हणजे मोजणी पायऱ्यापायऱ्यांनी होणार. नुसता मद्यार्क ठेवला तर त्याचं प्रसरण पाऱ्याइतकं एकसारखं नाही. म्हणून मोजायला पारा आणि सांडायला मद्यार्क. टोक केसाएवढं बारीक, कारण एका थेंबाएवढी चूक राहणारच. थेंब जितका लहान तितकी चूक लहान. किमान तापमान टिपायला हीच युक्ती उलटी फिरवलेली: नळी वाकवलेली, थंडीने मद्यार्क आकसला की पारा एका गोळ्यात घसरतो आणि ऊब आल्यावर परत येऊ शकत नाही. याची दुखणीही आहेत. घाईने तापवलं तर मद्यार्काच्या स्तंभात बुडबुडा शिरतो. धक्का बसला तर स्तंभ तुटतो. बरेच दिवस हात न लावता ठेवलं तर मद्यार्काची वाफ होऊन गोळ्यात जमते आणि कमाल तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. खोल समुद्रात तर पाण्याचा दाब काच आणि मद्यार्क दोन्ही दाबतो. तिथल्या आकड्याला दुरुस्ती लावावीच लागते. तरीही १७७३ मध्ये कॅप्टन फिप्सची उत्तर ध्रुवाकडची मोहीम समुद्राच्या पोटातलं तापमान घ्यायला याच पद्धतीचे तापमापी घेऊन गेली. त्या मोहिमेतल्या ‘कार्कस’ जहाजावर १४ वर्षांचा नेल्सन होता, पुढे गाजलेला ब्रिटिश नौसेनानी.

रॉयल सोसायटीचं १७५७ चं कोप्ली पदक या लेखाला मिळालं. मानपत्रातले शब्द मोठे नेमके आहेत: निरीक्षकाच्या गैरहजेरीत कोणत्याही वेळी होऊन गेलेली सर्वांत जास्त उष्णता आणि थंडी दाखवणाऱ्या तापमापींसाठी. त्याच वर्षी उन्हाळ्यापर्यंत पुतण्या पंतप्रधान होता.

यंत्र फार टिकलं नाही. चार्ल्स हयात असतानाच, १७८२ मध्ये, जेम्स सिक्सचा तापमापी प्रसिद्ध झाला. इंग्रजी ‘यू’सारखी नळी, आत पाऱ्याने ढकलला जाणारा आणि सुटला की जागीच अडकून राहणारा दर्शक, आणि त्याला पुन्हा खाली आणायला लोहचुंबक. मेणबत्ती नको, कलवणं नको. चुंबक फिरवला की झालं, आणि ज्याला हे रोज करायचं आहे तो दुसरं काही का घेईल? आपल्या वर्तमानपत्रात रोज छापून येणारं कमाल-किमान तापमान पुढच्या सुधारलेल्या यंत्रांनी मोजलं गेलं, पण कोणी समोर नसताना यंत्राने खूण ठेवावी ही मागणी तीच. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर गेल्याची बातमी येते तेव्हा त्या गावाचा या घराण्याशी दुहेरी संबंध लागतो. तिथली बसराई काय नि ग्रँड नैन काय, दोन्ही केळी कॅव्हेंडिश गटातली. हे नाव पडलं ते सहाव्या ड्यूकच्या काचघरात वाढवलेल्या रोपावरून. हा ड्यूक म्हणजे त्या पंतप्रधान पुतण्याचा नातू.

बाकीचं काम चार्ल्सने छापलंच नाही. वाकवलेली लांब नळी पाऱ्याने भरून तिचे दोन्ही पाय पाऱ्याच्या दोन भांड्यांत उलटे ठेवायचे. दोन्हीकडे पारा ३० इंचांपर्यंत उतरतो आणि कमानीत निर्वात पोकळी राहते. त्यातून वीज सोडली की सगळी कमान उजळते. उपकरण त्याचं, वर्णन वॉटसनच्या लेखात. काच साधारण ४०० अंश फॅरनहाइटपर्यंत तापली की वीज वाहू देते, हे त्याने दाखवलं. आपल्याला ते कळतं बेंजामिन फ्रँकलिनच्या १७६२ च्या पत्रातून. हा माणूस पुष्कळ प्रयोग करतो आणि फार काटेकोर करतो, त्याने ते जगाला जास्त सांगितले तर बरं होईल, असं फ्रँकलिनने तिथे लिहून ठेवलं आहे. मला हा विनय वाटत नाही. समितीत अहवाल समितीच्या नावे जातो, कोणी कोणतं कलम दुरुस्त केलं हे त्यात नसतं. १६ वर्षं तसं काम केलेल्या माणसाला सही करण्याची निकड वाटली नसेल. हेन्रीला त्याने १७५८ पासून सोसायटीच्या बैठकांना सोबत नेलं, दोन वर्षांत तो सभासद झाला, आणि बापाचा अबोलपणा मुलाने कितीतरी पटीने पुढे नेला. फ्रेडरिक केंब्रिजमध्ये शिकताना खिडकीतून पडला. डोक्याला मार बसला तो कायमचा.

१७७७ मध्ये उपकरणकार एडवर्ड नेअर्न एका कोड्यात पडला होता. त्याच्या निर्वात पंपावर दोन मापकं होती आणि दोन्ही वेगळं सांगत. साधं मापक म्हणे हवा ६०० पट विरळ झाली, अभियंता स्मीटनचं नासपतीच्या आकाराचं मापक म्हणे हजारो पट. हेन्री कॅव्हेंडिशने कारण सांगितलं आणि ते वडिलांच्या प्रयोगांतून आलं आहे हेही सांगितलं: पाण्यावरचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की पाण्याची लगेच वाफ होते. ७२ अंश फॅरनहाइटला ही मर्यादा पाऱ्याच्या पाऊण इंचाची, ४१ अंशांना पाव इंचाची. आजच्या मोजणीने पहिली पाऊण इंचाहून किंचित जास्त भरते, दुसरी जवळजवळ तीच. पंपाच्या तबकडीवर काचेचं भांडं घट्ट बसावं म्हणून ओलं कातडं ठेवलेलं असे. त्यातल्या पाण्याची वाफ होऊन भांडं वाफेने भरे. नासपतीच्या आकाराच्या मापकात शेवटी हवा परत शिरली की वाफेचं पाणी होई आणि मापक फक्त हवा मोजे. साधं मापक वाफेचाही दाब दाखवी. नेअर्नने कातडं काढलं, भांडं तबकडीला लुकणाने जोडलं, आणि दोन्ही मापकं जवळजवळ एकच आकडा दाखवू लागली. चार्ल्स तेव्हा ७३ वर्षांचा होता. लेख नेअर्नच्या नावावर छापला गेला.